तुपातला क्लच

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आल्ता. म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा, पण प्रेरणादायी पाहिजे." म्हणजे मी लहानपणी कसा उपाशी झोपायचो आन् मंग एका पान्यानं माझं नशीब कसं उघडलं, असलं काहीतरी त्यांना हवं होतं. ते माझ्याकडं न्हाई. लहानपणी मी दोन्ही टाईम पोट भरून जेवत होतो आन् पान्यानं फक्त नट उघडतो. माझ्याकडं साठलाय तो राग. तो चालत असंल तर लिहितो म्हणालो, तर म्हणाले चालंल, पण पानं जास्त भरू नका.

जुन्या जालन्यात धान्याच्या आडत दुकानांच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे. शेतातली छोटी मशिनं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. फवारणीचे पंप, पाण्याची इंजिनं, आन् सगळ्यात जास्त ते हातानं धरून मागं-मागं चालायचे छोटे रोटाव्हेटर. फळबागेत झाडांच्या दोन ओळींमधे ट्रॅक्टर शिरत न्हाई, तिथं हे शिरतं. पुढं इंजिन, खाली माती कालवणारी पाती, मागं दोन लांब दांडे, आन् ते दांडे धरून घामाघूम झालेला माणूस. दोरी ओढून ओढून ही इंजिनं चालू करायची असतात. त्या दोरीनं माझा उजवा खांदा खाल्ला. आता शटर अर्धंच उघडतो आन् गिऱ्हाईक आवडलं तरच बाकीचं उघडतो.

गिऱ्हाईक सहसा आवडत न्हाई. मशीन बिघडलं म्हणून लोक येतात. मशीन काही आपल्या मनानं बिघडत न्हाई, त्याला बिघडवायला घरात कुणीतरी हुशार माणूस असावा लागतो. आमच्या जिल्ह्यात अशा हुशारांना तोटा न्हाई.

त्यातल्या त्यात क्लचवर ह्यांचा फार जीव. क्लच म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण हा शब्द सगळे वापरतात आन् आत काय आहे ते कुणी पाहिलेलं नसतं. इंजिन एकदा चालू झालं की ते फिरतच राहतं. पाती मात्र आपण म्हणू तेव्हाच फिरली पाहिजेत, न्हाईतर ती झाडाच्या बुंध्यात शिरतील नाहीतर तुमच्या पायात. म्हणून दोघांच्या मधे एक गोल प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर बसवलेलं असतं, त्याला लायनिंग म्हणतात. स्प्रिंगा ही प्लेट इंजिनाच्या चाकावर दाबून धरतात, त्यामुळं दोघं संगं फिरतात. दांड्यावरची मूठ दाबली की तार ओढली जाते, प्लेट सुटते आन् इंजिन एकटंच फिरत बसतं. एवढाच कारभार आहे, आन् तो सगळा त्या खरखरीवर चालतो. तेलकट हातानं भरलेली कळशी उचलून पाहा, म्हणजे लायनिंगला तेल लागलं की काय होतं ते कळंल. इंजिन बोंबलतं आन् पाती जागची हलत न्हाईत.

आता ही माणसं काय करतात पाहा. भोकरदनकडचा एक जण दिवसभर मूठ अर्धी दाबूनच चालायचा. का, तर मशीन पळून जाऊ नये. लायनिंगचा पार कोळसा करून आणला आन् मलाच म्हणाला, कंपनीनं फसवलं. दुसऱ्यानं क्लच कुरकुर करतो म्हणून त्यात मापटंभर तेल सोडलं. दरवाजाच्या बिजागरीला सोडतात तसं. तिसरा एक तरणाबांड गडी मोबाईलवर व्हिडिओ पाहून सगळं मशीन खोलून, खताच्या गोणीत भरून घेऊन आल्ता. म्हणाला, "काका, फक्त जोडून द्या, बाकी काही प्रॉब्लेम नाही." मी विचारलं, खोलायचं त्या व्हिडिओत दाखवलं, मंग जोडायचं का न्हाई दाखवलं? तर म्हणाला, "ते दुसऱ्या भागात आहे. तो भाग अजून आला नाही." त्याला ती गोणी परत उचलायला लावली.

हे सगळे मी विसरलो असतो, पण रंगनाथ आबाला विसरणं जमत न्हाई. माझी एवढी फजिती दुसऱ्या कुणी केली न्हाई.

आबा घनसावंगीकडचा. वय माझ्याहून मोठं, अंगानं वाळकं, बोलणं कमी. त्याची मोसंबीची बाग होती आन् बागेत चालायला एक जुना विलायती रोटाव्हेटर. बियाण्याच्या एका कंपनीच्या प्लॉटवर तो कधीकाळी आल्ता, त्यांनी भंगारात काढला आन् आबानं उचलला. असलं मशीन सगळ्या जिल्ह्यात दुसरं नसंल. जाड बिडाचं अंग, हिरवा रंग कधीच उडालेला, आन् पार्ट म्हणशील तर देवाघरी. त्याचं लायनिंग मी जुन्या जीपच्या प्लेटवरून काढून, कापून, घासून बसवायचो. हे काम आता इथं दुसऱ्या कुणाला येत न्हाई. येत असंल तर त्यानं समोर यावं.

दरवर्षी पोळा झाला की आबा हे मशीन टेम्पोत घालून माझ्याकडं यायचा. तक्रार एकच, क्लच घसरतो. बरं, पावसाळ्यात बागेत गवत मातलेलं असतं, त्याच वक्ताला मशीन पाहिजे आन् त्याच वक्ताला ते बसायचं. माझ्याआधी अंबडच्या एका मिस्त्रीनं ते पाहिलं होतं. त्यानं सांगितलं, इंजिनाच्या सीलमधून तेल गळतंय. त्यानं सील बदललं. पुढच्या पोळ्याला पुन्हा क्लच घसरला, तर त्यानं पुन्हा सील बदललं. असल्या माणसांना मिस्त्री म्हणतात, म्हणून मला कुणी मिस्त्री म्हणलं की कधीकधी अपमान वाटतो. मंग ते माझ्याकडं आलं. मी खोललं तर प्लेट खरंच ओली होती. मी सील तपासलं. कोरडं ठक्क होतं. तरी प्लेट ओली. लायनिंग नवं बसवून दिलं आन् पुढच्या वर्षी आबा त्याच टेम्पोतून पुन्हा हजर.

ह्या वेळी संगं त्याचा मुलगा आल्ता, गजानन. ह्याचं अंबड रोडवर हॉटेल आहे. फॅमिली गार्डन म्हणतात त्याला. गेटवर एक बैलगाडी उभी करून ठेवलेली, तिची चाकं लाल-पांढरी रंगवलेली आन् जूवर लायटिंगची माळ. शहरातली माणसं तिथं गाडी थांबवतात, बैलगाडीत बसून फोटो काढतात आन् आत जाऊन पनीर खातात. ती बैलगाडी आबाचीच. त्याचे बैल गेले तेव्हा मुलानं ती तिथं नेऊन लावली.

गजानन मला म्हणाला, "मिस्त्री, स्पष्ट सांगतो. ही शेवटची वेळ. आता करा दुरुस्त, पण परत एकदा जरी हे गॅरेजला आणायची वेळ आली ना, तर डायरेक्ट गेटवर. रंग देतो, लावून टाकतो. विंटेज पीस आहे."

मी म्हणालो, "विंटेज म्हणजे?"

"म्हणजे जुनं. पण भारी जुनं."

माझ्या वयाचं मशीन भारी जुनं, आन् मी नुसता म्हातारा. बरं. मी विचारलं, "मंग बाग कोण पाहणार?"

"ती देतो कुणाला तरी कराराने. आबांनी किती दिवस चिखलात चालायचं? हॉटेलात गल्ल्यावर बसतील, पंख्याखाली." आन् तो फोनवर बोलत बाहेर गेला. वाईट पोरगा न्हाई. बापाला पंख्याखाली बसवायचं, एवढाच त्याच्या डोक्यात सुखाचा नकाशा.

तो बाहेर गेल्यावर आबा हळूच म्हणाला, "मिस्त्री, हे गेटावर गेलं की मी बी गेटावरच. माझ्या बी गळ्यात लायटीची माळ घालतीन."

तो हसला न्हाई. मी पण न्हाई हसलो. म्हातारा अजून त्या मशीनमागं रोज चालायचा. बागेत कोणत्या झाडाला कुठला वळसा घ्यायचा ते त्याच्या पायांना माहीत होतं. मशीन गेलं असतं तर त्याला बागेत जायला कारणच उरलं नसतं. माझ्या धंद्यात माणसं गयावया करतात, त्याची मला सवय आहे. आबानं तसं काही केलं न्हाई, तो नुसता मशीनकडं पाहत बसला, आन् त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मंग मी हट्टाला पेटलो. प्लेट काढून हातात घेऊन बसलो. ओलं होतं ते इंजिनाचं तेल नव्हतंच. इंजिनाचं तेल काळं असतं, हे पिवळट होतं आन् कडंला थिजल्यावानी झालं होतं. वास जळका, पण लायनिंग जळाल्याचा जो नाकात जाणारा वास असतो तसला न्हाई. मी हुंगून राह्यलो होतो तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "इथं तूप कुणी कढवलं?"

मी म्हणालो, "गॅरेजात कोण तूप कढवंल?"

"मंग हा बेरीचा वास कामून येतोय?" तूप कढवल्यावर भांड्याच्या बुडाला जो खरपूस गाळ राहतो ना, ती बेरी. तिनं माझ्या हातातली प्लेट नाकाशी नेली. "हे पाहा. बेरीच आहे."

"अगं इंजिनात तूप कुठून येईल?"

"ते मला काय माहीत. मिस्त्री तुम्ही. म्या फक्त जन्मभर बेरी खरवडली." आन् डबा ठेवून ती गेली.

मी ते पिवळं पत्र्यावर घेऊन खालून काडी लावली. वितळलं. तुपाचा वास आला आन् पत्र्यावर हळदीचा डाग राहिला. एवढी वर्षं मी क्लच खोलतोय. त्यात डिझेल निघालं, चिखल निघाला, एकदा उंदराचं घर निघालं, पण हळद घातलेलं गावरान तूप पहिल्यांदाच निघालं. अंबडच्या मिस्त्रीला दोष द्यायची पण सोय राह्यली न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी काळीपिवळीत बसून आबाच्या गावाला गेलो. ते शेअरिंगचं वाहन म्हणजे मनुष्याला लोणच्यासारखं दाबून भरायचं काम, माझ्या खांद्याचे हाल झाले. आबा गोठ्यात होता. गोठ्यात बैल न्हाईत, दोन दावणी मोकळ्या, आन् त्यातल्या एका दावणीपाशी मशीनची जागा. खाली जमिनीवर जुनं पोतं अंथरलेलं. मी सरळच विचारलं, "आबा, मशीनमधे तूप कुणी घातलं?"

"म्या."

बिलकुल न लाजता. मी म्हणालो, "कामून?"

"खांदमळणी नको का करायला?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू ओढून खांद्याला घट्टे पडलेले असतात. कोमट तूप आन् हळद पळसाच्या पानानं त्यावर चोळायची आन् बैलांना म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. आवतन म्हणजे जेवणाचं निमंत्रण. दुसऱ्या दिवशी पोळा. त्या दिवशी बैलाला जुंपायचं न्हाई, त्याच्या पाठीवर काठी टेकवायची न्हाई, पुरणपोळी आधी त्याला.

आबाचे बैल म्हणजे पाखऱ्या आन् हौश्या. पाखऱ्या आजारानं गेला आन् एकट्या हौश्याला आबानं बाजारात नेऊन विकलं. ते सांगताना तो माझ्याकडं न पाहता मोकळ्या दावणीकडं पाहून बोलत होता. "त्या साली पोळ्याच्या आदल्या दिशी घरच्यांनी सवयीनं तूप तापवलं. वाटी माझ्या हातात आणून दिली. मंग दोघांच्या बी ध्यानात आलं. आता कोमट तूप परत चुलीपाशी कसं न्यायचं? ह्ये मशीन उभं होतं. मंग त्यालाच चोळलं."

"आबा, पण मशीनला खांदा न्हाई. ते बिडाचं आहे."

"ओझं कुठं बसतंय त्याचं?"

"म्हणजे?"

"बैलाचं ओझं खांद्यावर बसतंय. इंजान ओढतंय, पाती माती धरून बसत्यात. मधी सगळा ताण कुठं येतोय ते दाखवा मला."

मशीन जालन्याला होतं, म्हणून मी मातीत काडीनं काढून दाखवलं. दाखवावंच लागलं. इंजिन आन् पात्यांच्या मधे बिडाचा जो गोल फुगवटा आहे, ज्यात क्लच असतो, सगळा ताण तिथंच येतो. त्याच्या डोक्यावर आत पाहायला एक खिडकी ठेवलेली असते, तिच्या कडा पिवळ्या झालेल्या मी गॅरेजात पाहिल्या होत्या.

"मंग म्या बराबर जागीच चोळलं की," आबा म्हणाला.

मी आवाज चढवला. माझ्याकडं उत्तर नसलं की मी तेच करतो. म्हणालो, "बराबर जागी चोळलं म्हणूनच बंद पडतंय ना. कोमट तूप खिडकीतून खाली लायनिंगवर उतरतं. दुसऱ्या दिवशी पाती फिरत न्हाईत."

"पोळ्याला फिरायचीच न्हाईत. त्या दिशी जुंपायचं नसतंय. मला वाटलं, ह्याला बी कळतंय."

"अहो पण पोळा सरल्यावर पण ते बंदच राहतंय."

आबानं पोत्याचा कोपरा सरळ केला. मंग म्हणाला, "व्हय. आवतन एका दिसाचं होतं. ह्ये जरा जास्तच जेवतंय."

मी कपाळाला हात लावला. पण एक कबूल करतो, इतक्या जणांनी मला मशीन का बिघडलं ते सांगितलं, त्यात पटण्यासारखं कारण देणारा हा एकच माणूस भेटला. बाकीच्यांनी मशीन मारलं ते आळसानं आन् अतिशहाणपणानं. आबानं त्याला मारलं ते लाडानं. मूर्खपणा तोच, पण त्याला शिवी देता येईना.

मी तुपाचं बंद करा म्हणालो असतो तर त्यानं केलं असतं. पण त्याची बायको, आक्का, दारात उभी राहून ऐकत होती आन् माझ्यानं ते बोलवलं न्हाई. गोठ्यात आढ्याला जुनं जू टांगलेलं होतं. मी म्हणालो, ह्याचा तुकडा देता का? आबानं काही न विचारता खाली काढलं. जालन्याला आल्यावर मी क्लचच्या खिडकीवर जाड पत्र्याचं झाकण बसवलं, हवेला खालून फट ठेवली, म्हणजे वरून थेंब शिरणार न्हाई. त्या झाकणावर जूचा बाभळीचा तुकडा बोल्टनं आवळला. घासून-घासून गुळगुळीत झालेलं लाकूड, बैलाच्या मानेनं घासलेलं. लायनिंग नवं टाकलं. मशीन परत दिलं तेव्हा आबाला म्हणालो, "खांदा हा. ह्याच्यावर वाटीभर ओता, घागरभर ओता, माझं काही म्हणणं न्हाई."

त्यानं त्या लाकडावर हात फिरवला आन् मान हलवली. मला वाटलं, काम फत्ते. मशीन गेटवर जात न्हाई, म्हातारा पंख्याखाली जात न्हाई, तूप पण चाललं आन् क्लच पण. असली दुरुस्ती सगळ्या मराठवाड्यात कुणाला सुचली असती का? त्या वर्षी मी भेटंल त्याला हे सांगत सुटलो होतो. बायको म्हणाली, बेरी मी ओळखली हे पण सांगत जा.

मंग पोळा आला. दुपारी आबाचा फोन आला. म्हणाला, "मिस्त्री, क्लच लई चांगला झालाय."

मी म्हणालो, "होणारच."

"सकाळपासून चालू हाय." आन् फोन ठेवून दिला.

मला वाटलं म्हातारा खूष आहे. जेवताना घास तोंडात असताना ध्यानात आलं. आज पोळा. सकाळपासून मशीन चालू कसं?

पुढच्या आठवड्यात तो एसटीनं जालन्याला आला. मशीन न्हाई, काही न्हाई, एकटाच. माझ्या स्टुलावर बसला, पाणी पिला. मंग सांगितलं. गजाननानं पोळ्याच्या सकाळी रोजगारी माणूस पाठवला होता. पाऊस उघडला होता, गवत कमरेएवढं झालं होतं, हॉटेलला सुट्टीची गर्दी म्हणून तो स्वतः आला न्हाई. दर पोळ्याला मशीन बसलेलं असायचं म्हणून कधी प्रश्न आला नव्हता. ह्या साली ते एका दोरीत चालू झालं. आबा म्हणाला, आज जुंपू नको. रोजगारी म्हणाला, मालकाला फोन करा. मालकानं फोनवर सांगितलं, "आबा, ते मशीन आहे, त्याला कसली सुट्टी."

"आदल्या दिशी आवतन दिलं म्या त्याला," आबा म्हणाला. "आन् दुसऱ्या दिशी जेवाया बोलवून नांगराला जुंपलं. दिसभर बांधावर उभा राहून पाहत होतो. आक्कानं पुरण केल्तं, ते कुणी खाल्लं न्हाई." मंग म्हणाला, "हौश्याला बाजारात सोडून आलो तव्हा बी इतकं वाईट वाटलं नव्हतं. तिथं निदान मला इलाज नव्हता."

माझ्या दुरुस्तीचा असा निकाल पहिल्यांदाच कानावर आला. एवढं भारी काम केलं होतं, की मशीनला एक दिवस बसायची पण सोय राह्यली न्हाई.

आबा म्हणाला, "एक दिस बंद पडंल असं काहीतरी करून द्या."

मला राग आला. खोटं सांगत न्हाई, भयंकर राग आला. "आबा, लोक माझ्याकडं चालू करायला आणतात. मी मिस्त्री आहे, मारेकरी न्हाई. एवढंच असंल तर आदल्या दिवशी प्लग काढून खिशात ठेवा की."

"प्लग काढला तर पोराला कळंल बापानं लपवलाय. मंग भांडण होईल. त्याला वाटलं पाहिजे की मशीनच न्हाई म्हणतंय. त्यानं न्हाई म्हणलं तर कुणाचं काही चालत न्हाई."

"आन् बिघडलं म्हणून त्यानं गेटवर लावलं तर?"

"गॅरेजला न्यावं लागलं तर गेट, असं त्यानं म्हणलंय. गॅरेजला न्यायचंच न्हाई. तुम्हीच या."

मी म्हणालो, मला वेळ न्हाई. मी म्हणालो, माझा खांदा दुखतो, त्या काळीपिवळीत माझ्यानं बसवत न्हाई. मी म्हणालो, उद्या हे गावात कळलं की लोक म्हणतील, ह्यो मिस्त्री पैसे घेऊन मशिनं बिघडवतो. आबा सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "बराबर हाय तुमचं," आन् उठून एसटी स्टँडकडं चालू लागला. माझ्याशी भांडला असता तर मी त्याला मोकळ्या मनानं हाकलला असता.

तर आता माझा धंदा असा चालतो. वर्षभर मी क्लच दुरुस्त करतो, आन् पोळ्याच्या आदल्या दिवशी काळीपिवळीत बसून घनसावंगीकडं एक क्लच बिघडवायला जातो. त्यातही कसब लागतं, हे सांगून ठेवतो. तार थोडीच ओढून ठेवली तर प्लेट अर्धवट घासत राहील, आन् तो रोजगारी गडी चालवून चालवून लायनिंग जाळून टाकील. म्हणून तार पुरती ओढायची, प्लेट साफ मोकळी करायची. इंजिन कितीही बोंबलो, पाती ढिम्म. आत काहीच झिजत न्हाई. पोळ्याच्या संध्याकाळी तारेचा नट परत जागेवर आणला की मशीन पहिल्यासारखं. हे काम अंबडच्या मिस्त्रीला दिलं असतं तर त्यानं सील बदललं असतं.

पहिल्या वर्षी गजाननानं विचारलं, परत बिघडलं का? आबानं सांगितलं, आजच्या दिवस, उद्या चालंल. दुसऱ्या दिवशी चाललं. गॅरेज न्हाई, टेम्पो न्हाई, मंग गेटचा विषय कशाला निघतोय. पुढच्या वर्षी पण तसंच झालं. आता तो हॉटेलात गिऱ्हाइकांना सांगत असतो की आमच्या आबांचं विंटेज मशीन पोळ्याला आपोआप सुट्टी घेतं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, लोकांनी खाली हात जोडलेले टाकले. एक जण माझ्याच गॅरेजात बसून मला तो व्हिडिओ दाखवून राह्यला होता आन् म्हणत होता, "काका, ह्याला तुमचं सायन्स काय म्हणतं?" मी म्हणालो, सायन्सला त्या दिवशी सुट्टी असते. तो निघून गेला आन् मी अख्खी दुपार स्वतःवर खवळून बसलो.

मागच्या पोळ्याला मी तार ओढून उठलो तेव्हा आबाची खांदमळणी चालू होती. बाभळीच्या तुकड्यावर तूप-हळद चोळून झाली. मी माझा खांदा दाबत उभा होतो, गर्दीत कोंबून आल्यामुळं तो ठणकत होता. आबानं विचारलं, "कोणता?"

"उजवा. पण राहू द्या."

म्हातारं ऐकतंय कुठं. वाटीत थोडं उरलं होतं. त्यानं माझ्या सदऱ्याची वरची गुंडी काढली, पळसाचं पान आत घातलं आन् कोमट तूप खांद्यावर चोळलं, बराबर दुखऱ्या जागी. मी म्हणालो, आबा, सदरा नवा आहे. तो चोळत राहिला. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत त्या खांद्याला कुणी विचारलं नव्हतं.

मंग वाटी खाली ठेवून तो म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

मी म्हणालो, "मी काय बैल आहे का?"

तो हात धुवायला गेला. सदऱ्याचा डाग अजून गेलेला न्हाई, बायको रोज म्हणते टाकून द्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तार जागेवर आणायची म्हणून मला जावं लागणारच होतं. गोठ्यात गेलो तर मशीन पोत्यावर उभं, गळ्यात झेंडूची माळ, आन् पुढ्यात पुरणपोळीचं पान. मी खाली बसून पान्याला हात घातला तर आबा म्हणाला, "आधी जेवण." आन् बोट केलं. मशीनच्या शेजारी, मोकळ्या दावणीपाशी, दुसरं पोतं अंथरलं होतं आन् त्याच्यापुढं माझं पान वाढलं होतं.

मी बसलो.